साथीची तालीम

त्या दिवशी साथ मी होते.

सकाळच्या चहानंतर डॉक्टर सोनलने मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं आणि माझे दोन्ही हात समोर धरायला लावले. एका बाटलीतलं पातळ मलम तिने माझ्या तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेला चोळलं. मेंदी काढणाऱ्या बायका धरतात तसे हात धरले होते पोरीने.

"झालं आजी. आता तुम्ही फ्लू. दिवसभर रोजच्यासारखं वागायचं. फक्त हाताला साबण नाही लावायचा, आणि कुणाला सांगायचं नाही."

"कुणी विचारलं, काय लावलंय?"

"थंडीने भेगा पडल्यात म्हणा."

"आणि रोजच्यासारखं म्हणजे कुठे कुठे जायचं?"

"जिथे जाता तिथे. जिजाआजींची खोली सोडून. तिकडे आज फक्त नीलम जाणार, जेवण-औषधं घेऊन."

मला फार मजा वाटली. ऐंशी ओलांडल्यावर माणसाला कुणी काही गुपित सांगत नाही. आणि इथे तर अख्खा आजार माझ्या हातात दिला होता.

मलमात जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्यांची पूड होती. पोटात गेली तरी अपाय नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा वापरतात, त्याच्याखाली हिरवट चमकते. तसा एक दिवा सोनल डहाणू रोडच्या बाजारातून घेऊन आली होती. संध्याकाळी सगळ्या खोल्यांतून तो फिरवायचा आणि बघायचं, एका म्हातारीच्या हातावरचा आजार दिवसभरात कुठवर पोचतो. हळदही त्या दिव्याखाली तशीच चमकते, म्हणून त्या दिवशी स्वयंपाकात हळद बंद. दुपारी दौलतकाकांनी ताटाकडे बघून विचारलंच, "हे वरण आहे की पेज?"

आमची मोतीबाग डहाणूहून कैनाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जुनी चिकूची वाडी. वाडीच्या शेठाणीला मूलबाळ नव्हतं, तिने जाताना आमच्यासारख्यांसाठी एका ओळीत खोल्या बांधून ठेवल्या. पुढे लांब ओटी, मागे चिकू. गोष्ट आहे दोन हजार एकोणीसच्या जानेवारीतली. त्या थंडीत आमच्याकडे जमीन हलत होती. नोव्हेंबरपासून अधूनमधून धक्के बसायचे. भांडी वाजायची, कौलं सरकायची, आणि आम्ही सगळे काठ्या टेकत अंगणात. अंगणात निळ्या ताडपत्रीचा मांडवच घालून ठेवला होता. अशात ही पोरगी फ्लूचं काय घेऊन बसली, असं पुष्कळांना वाटलं.

पण सोनलचं म्हणणं मला पटलं होतं. ती म्हणाली होती, मोठ्या साथीला शंभर वर्षं झाली, तशी पुन्हा कधीही येऊ शकते, आणि आली की पहिला घाला म्हाताऱ्यांच्या घरांवर. तालुक्यातल्या प्रत्येक आश्रमात एक तरी खोली अशी हवी, जी बंद करता येईल. आत कोण जाणार, काय जाणार, आधीच ठरलेलं हवं. ती "मोठी साथ" म्हणाली, पण आमच्या लहानपणी तिला नाव होतं. मानमोडी. माझी आत्या त्यातून वाचलेली. तेव्हा ती परकरी पोर होती. नरपडच्या आमच्या घरात आजी तापाने पडली, तर आजोबांनी आत्याला आजीजवळ आत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. केळीच्या पानावर भात ठेवून काठीने दार वाजवायचे. आजी गेली, आत्या राहिली. ती गोष्ट ती आम्हाला चिंच सोलताना सांगायची, आणि का कोण जाणे, सांगताना थोडी हसायची.

तर मोतीबागेत जी खोली बंद करून बघायची होती ती ओळीच्या टोकाची, जिजाची. जिजा वारली पाड्यातली. जन्मभर आमच्यातच राहणाऱ्या बकुळाबायच्या सासरच्या वाडीत चिकू उतरवले, वेचले, पाट्या वाहिल्या. तरुणपणी क्षयाने एक फुप्फुस खाल्लेलं, आता पाय गेलेले. पलंगावरून उठता येत नाही. सोनलने तिची छाती तपासली आणि ओटीवर येऊन आमच्या व्यवस्थापकाला, धनेशभाईला, हळू आवाजात सांगितलं, "यांना साधा फ्लूसुद्धा झेपणार नाही."

धनेशभाई माणूस वाईट नाही, पण भित्रा. नियमाच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला, "म्हणजे उद्या काही झालं की माझ्या गळ्यात. डॉक्टर, तुमची तालीम करा. खोली स्वच्छ राहिली तर जिजाबाय इथे. नाही राहिली तर मी तिच्या भाच्याला बोलावतो. तळासरीला आहे तो."

भाचा म्हणजे लाहू. पोरगा चांगला, पण त्याच्या घराला भेगा गेल्या होत्या. बायकापोरांसकट तो शेतात प्लास्टिकखाली झोपत होता. अशा थंडीत एक फुप्फुसवाली म्हातारी तिथे किती टिकणार, हे धनेशभाईला कळत होतं, आम्हालाही. म्हणून मी त्या दिवशी जिजाच्या खोलीच्या बाजूलासुद्धा फिरकले नाही.

बाकी मात्र सगळीकडे फिरले. टीव्हीचं बटण दाबलं. देवघरातली घंटा वाजवली. दौलतकाकांशी पत्ते खेळले आणि हरले. बकुळाबायबरोबर ओटीवर पेपर वाचला. ती आमच्यातली सर्वांत सोवळी. कुणाचा धक्का लागला तर हात धुणार, कुणी तिच्या खाटेवर बसलं तर चादर धुणार. तिच्या कमरेला पितळेची एक डबी कायम खोचलेली, त्यात कुलदैवताचा अंगारा. ती डबी ती कुणाला शिवू देत नाही. पण पेपर आम्ही रोज वाटून वाचतो. माझं पान झालं की ती घेते, आणि उलटताना बोटाला थुंकी लावते. मी मनात म्हटलं, आली ग बाई, तुझ्याकडेही आली.

दुपारी जेवणं झाल्यावर धक्का बसला. फार मोठा नव्हता. पाण्याच्या पिंपात लाटा उठल्या, आणि सगळे बाहेर. धावपळीत कुणी कुणाचा हात धरला, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. आम्ही मांडवात पोचेपर्यंत थांबलंसुद्धा. नीलम जिजाकडे धावली आणि परत येऊन म्हणाली, "आजी झोपल्याहेत. त्यांना कळलंच नाही."

संध्याकाळी पडदे ओढून सोनलने दिवा पेटवला.

मी अशी गंमत जन्मात पाहिली नव्हती. घंटेचा लोलक हिरवा. टीव्हीच्या बटणांत दोनच बटणं हिरवी, मी बघते ती. पत्त्यांतली राणी तर अशी चमकली की जणू देवीच. दौलतकाकांच्या हातावर होतं ते ठीक, पण त्यांच्या मिशीतही निघालं.

"काका, मिशीत कसं आलं?" सोनलने विचारलं.

"मला काय माहीत?"

"माझ्या बशीतली खारी कुठे गेली ते आत्ता कळलं," मी म्हटलं. सगळे हसले. काका मिशी पुसत राहिले.

बकुळाबायचे हात स्वच्छ निघाले. तिने दिवसात कितीदा धुतले देव जाणे. सोनल म्हणाली, "बघा, हात धुतल्याने काय होतं ते बघा," आणि बकुळाबायने पदर सावरून आमच्याकडे असं पाहिलं की आम्हीच आजार आणि तीच औषध.

शेवटी जिजाची खोली. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते. कडी स्वच्छ. पलंगाची कड स्वच्छ. चादर, उशी, पाण्याचा पेला, सगळं स्वच्छ. जिजाचे दोन्ही हात सुकलेल्या फांद्यांसारखे काळे, कुठे ठिपका नाही. उजवा अंगठा मात्र वाकडा. कोयत्याने तुटता तुटता राहिलेला, तो तसाच वाकडा जुळलेला. नीलमने टाळी वाजवली. धनेशभाईनेसुद्धा मोठा श्वास सोडला. तो जांभळा उजेड बघून जिजाला हसू आलं. ती तोंड उघडून हसली, आणि तिच्या हिरड्या हिरव्या चमकल्या.

सोनलने दिवा विझवला, पुन्हा लावला. हिरड्या पुन्हा चमकल्या.

"हळद?" तिने नीलमला विचारलं.

"आज हळद कुठेय डॉक्टर? दूधसुद्धा साधंच दिलं."

"गोळ्या?"

"पांढऱ्या. तुमच्यासमोर मोजून दिल्या."

धनेशभाई म्हणाला, "धक्का बसला तेव्हा धावपळ झाली ना. कोणीतरी आत शिरलं असेल, हात लावला असेल. मला हेच सांगायचं होतं. साथ आली आणि त्यात जमीन हलली, तर मी कुणाकुणाला धरून ठेवू? लाहूला रविवारी बोलावतो."

जिजाला सगळं कळत होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत राहिलं. जमीन हलत असताना धावत जाऊन म्हातारीच्या तोंडात बोट कोण घालेल? हात धरला असता तर हातावर सापडलं असतं. आणि गेलं कुणाकडून? माझ्याकडूनच निघालेलं, पण मी तर तिकडे गेले नव्हते. घरातल्या कुठल्या गल्लीबोळातून मी तिथे पोचले, हे मला कळलंच पाहिजे असं वाटायला लागलं. आपलंच पोर कुणाच्या घरी जेवून आलं ते शोधावं तसं.

मी सोनलला म्हटलं, "दिवा ठेवून जा माझ्याकडे. रविवारी देईन."

"कशाला आजी?"

"बघते ग. म्हातारीला काय उद्योग आहे दुसरा?"

दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून मी आत्याची गोष्ट सगळी आठवून बघितली. दार बंद, बाहेरून कडी, केळीच्या पानावर भात. आणि मग आठवलं, ती हसायची ते कुठल्या जागी. शेजारची तिची मैत्रीण मागच्या बाजूने यायची आणि खिडकीच्या गजांतून चिंचेचा मीठ लावलेला गोळा आत द्यायची. अर्धा स्वतः चाखलेला. आजोबांना मरेपर्यंत कळलं नाही.

आम्ही सगळे दाराकडेच बघत होतो.

मी काठी घेतली आणि मागच्या बाजूने, चिकूच्या झाडांखालून, जिजाच्या खिडकीशी गेले. खिडकीला लागूनच तिचा पलंग. ती जागी होती.

"जिजा, कोण येतं ग इथे?"

"चिमण्या येतात."

"चिमण्या तोंडात बोट घालतात?"

"माना काय ठावा बाय," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. पण ओठ मिटले तरी वास कुठे जातो? तो वास मी ओळखला. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आमच्या आईचा वास. मिश्री. त्या काळी निम्म्या बायका सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना लावायच्या आणि लावलेली नाही म्हणून सांगायच्या.

मी डोक्यावरून पदर ओढला, खिडकीच्या कट्ट्यावर वाकले आणि पदराखाली दिवा लावला. कट्ट्यावर दोन बोटं चमकली. बोटांशेजारी एक गोल, रुपयाहून मोठा, वाटीहून लहान, कडेला नक्षीच्या दातऱ्या असलेला. डबी ठेवल्याची खूण.

तसा गोल मी रोज बघत होते. पण तो जिच्या कमरेला होता, ती जिजाच्या वाऱ्यालासुद्धा उभी राहत नव्हती. माझा विश्वास बसेना. खात्री करायची म्हणून मी दुपारी बकुळाबायच्या खाटेपाशी जाऊन कपाळ धरून बसले. खाटेवर नव्हे, खाली.

"काय झालं?"

"डोकं उठलंय ग. तुझ्या अंगाऱ्याचं बोट लाव जरा."

तिचा हात कमरेला गेला आणि तिथेच थांबला. "तुला सोसायचा नाही तो. कडक देव आहे आमचा."

"असू दे. कडकच हवाय."

"पारोशी असशील."

"आंघोळ करून आलेय. केस बघ, ओले आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. मग तिने दाराकडे नजर टाकली, डबी काढली आणि झाकण उघडलं. आत काळी भुरकी.

"हा कुठल्या देवाचा ग? आमच्या देवाचा पांढरा असतो."

"मेले, सुरुवातीपासून माहीत होतं तुला."

"सकाळपासून."

तिचे डोळे भरले. बकुळाबायला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, नवरा गेल्याचं सांगतानाही नाही. ती हळू आवाजात बोलू लागली. लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठराची होती. सासरी मिश्रीला बंदी, आणि माहेराहून सवय लागलेली. दुपारी वाडीत पाट्या मोजायला पाठवायचे. तिथे जिजा झाडामागे बसून लावायची. "एकदा मी नुसती बघत उभी राहिले. तिने काही न बोलता डबी पुढे केली. तेव्हापासून. भाजायची तीच. माझ्या हाताने कधी तशी जमलीच नाही."

"आणि तिच्या हातचं पाणी?"

"पाणी नाही चालायचं घरात. तिचा तांब्या वेगळा, बाहेर पालथा घातलेला." तिने डबीचं झाकण लावलं. "मिश्रीचं कुणी विचारलंच नाही, म्हणून ती चालली."

मला आता सगळा रस्ता दिसला. पेपरचं पान, तिची थुंकी लावलेली बोटं, मग खिडकी, मग डबी. हात तिने नंतर धुतले, पण आजार तोवर डबीत बसून पुढे गेला होता. जिजाला पडल्या पडल्या कट्ट्यावरच्या डबीपर्यंत हात पोचवता येत नाही, म्हणून बकुळाबाय स्वतःच्या बोटाने तिच्या हिरड्यांना लावते. जी बाई आपली चादर कुणाला शिवू देत नाही, ती.

"मग सांग सोनलला," मी म्हटलं. "धक्क्याने झालं नाही हे कळलं तर धनेशभाईला दुसरं कारण उरत नाही."

"आणि तंबाखू? मागे पांड्याची विडी सापडली तर त्याला दुसऱ्या दिवशी मुलाच्या स्वाधीन केलं. माझा मुलगा कुठे ठेवणार मला? फ्लॅटमध्ये माझी खाट मावत नाही म्हणून तर इथे आले. मी बोलले तर मी जाणार, नाही बोलले तर ती जाणार."

दोन्ही खरं होतं. "मी नाही बोलणार," एवढंच म्हटलं. "तुझी डबी, तुझं तोंड."

रविवारी लाहू आला. टमटम फाटकाशी उभी करून तो ओटीखाली चप्पल काढून उभा राहिला. त्याच्या मागे गाडीत गोधडी घडी करून ठेवलेली दिसत होती. सोनलही आली होती, औषधं कशी द्यायची ते समजवायला. आम्ही सगळे ओटीवर. दौलतकाकांनी त्या दिवशी पत्ते काढले नाहीत.

"रात्री थंडी किती असते रे शेतात?" सोनलने विचारलं.

"असते मॅडम. शेकोटी करतो," लाहू म्हणाला. "आत्याला मधी झोपवू. पोरं दोन्ही बाजूंनी."

"धूर नको त्यांना. अजिबात नको."

"मग..." त्याने गाडीतल्या गोधडीकडे बघितलं. धनेशभाई चष्मा पुसत होता.

बकुळाबाय उठली. माझ्यासमोर येऊन हात पसरला. "दिवा दे."

मी दिला. तिने तो सोनलच्या हातात ठेवला, कमरेची डबी काढून झाकण उघडून ओटीच्या कठड्यावर ठेवली, आणि आम्हा सगळ्यांदेखत तोंड उघडलं. वाकून, पोरं डॉक्टरपुढे उघडतात तसं. आत आता चमकायला काही उरलं नव्हतं, पण काळ्या हिरड्या साध्या उजेडातही दिसत होत्या.

"अंगारा?" दौलतकाका म्हणाले.

"मिश्री," बकुळाबाय म्हणाली. "जिजासाठी मीच नेते. खिडकीतून. जमीन हलली म्हणून काही झालेलं नाही. ती हलली नसती तरी मी गेलेच असते. गेली तीन वर्षं जातेय."

धनेशभाईने चष्मा लावला, डबीकडे बघितलं, पुन्हा काढला. "बकुळाबाय, तुम्ही? तुम्ही तर माझ्या ऑफिसातल्या खुर्चीवर बसायच्या आधी पुसून घेता."

"खुर्चीवर कोण कोण बसतं ते मला माहीत नाही. जिजाचं तोंड मला माहीत आहे."

सोनल हसू दाबत होती, पण दाबता आलं नाही. ती म्हणाली, "आजी, तुम्ही माझं किती मोठं काम केलंत कळतंय का? मी दोन रात्री विचार करतेय की कुठून गेलं. वाट सापडली की बंद करता येते. धक्का काही मला बंद करता आला नसता." मग धनेशभाईकडे वळून म्हणाली, "खोली चांगली आहे. चूक खोलीची नव्हती."

"पण तंबाखूचा नियम..."

"तंबाखू मलाही नको आहे. सोडा म्हणून मी रोज मागे लागणार आहे दोघींच्या. पण त्यासाठी कुणाला थंडीत शेतात झोपवायचं का?"

सोनल पुढे म्हणाली, "एक अडचण मात्र खरीच आहे. साथ आली आणि खोली बंद केली, तर नीलमला रोज कैनाडला घरी जाता येणार नाही. तिची मुलं लहान आहेत. आत कुणीतरी राहायला हवं. बाहेर न येता. पंधरा दिवस, महिना, काय माहीत किती."

"मी," बकुळाबाय म्हणाली.

"तुम्ही विचार करा आजी. एकच खोली, एकच मोरी."

"केला. आजच माझी खाट तिकडे टाका. साथ आल्यावर धावाधाव कोण करणार?" आणि धनेशभाईकडे न बघता म्हणाली, "मला काढायचं असेल तर आत्ताच सांगा. ही टमटम उभीच आहे. दोघी जातो तळासरीला."

लाहू घाबरून गाडीकडे बघायला लागला. बहुतेक दोन म्हाताऱ्या पोरांच्या मध्ये कशा झोपवायच्या याचा हिशेब करत होता. धनेशभाई उठला आणि ऑफिसात गेला. थोड्या वेळाने आतून त्याने गड्याला हाक मारली, "दीपक, खाट उचलायला ये रे." तेवढाच काय तो निर्णय.

लाहू निघताना जिजाच्या दाराशी गेला. "आत्ये, राहतेस ना मग?"

"राहते. पण आता तवा कुठे मिळल इथं?" जिजा म्हणाली. "ही भाजते ती जळते."

"तोंड मीट," बकुळाबाय खाटेमागून म्हणाली. "सोनलताई ऐकतेय."

सोनलने दोघींना दोन वेगळ्या डब्या आणून दिल्या, झाकणांवर नावं लिहून. बकुळाबायची पितळी डबी धनेशभाईच्या कपाटात गेली. आता पेपर मी दारातून देते, तीही पान उलटताना थुंकी लावत नाही, निदान माझ्यासमोर. सत्तावन्न सालच्या फ्लूमध्ये आमच्या घरात सात माणसं एकाच वेळी आडवी होती आणि सगळ्यांना मी एकाच भांड्यातून काढा पाजला होता, हे मी सोनलला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

दिवा मी तिच्याकडून पुन्हा मागून घेतला. "देईन ग," म्हटलं. हळद पुन्हा सुरू झाली होती, आणि एकदा जेवणानंतर पडदे ओढून मी सहज तो लावून पाहिला. सगळा आश्रम चमकत होता. माझी बोटं, दौलतकाकांची मिशी, ओटीचा कठडा, नीलमच्या ओढणीचं टोक. जिकडे माणूस हात लावून गेलं होतं तिकडे पिवळंहिरवं.

मग मी टोकाच्या खोलीत गेले. दोघी दुपारच्या झोपेत होत्या, खाटा एकमेकींना लागलेल्या. मध्ये पाटावर दोन डब्या. जिजाची डबी कोरी होती, दुकानातून आणल्यासारखी. बकुळाबायच्या डबीवर पुष्कळ बोटं होती, आणि त्यांत एक वाकडा अंगठा.

मी दिवा विझवला. साथ काही अजून आलेली नाही. आली की त्या दोघी आतच असतील, आणि कडी मी बाहेरून घालीन.